हॅलोकाकांचा निकाल

"मानवजातीच्या इतिहासात सुवर्णयुग एकदाच येतं, आणि ते छत्रीवाल्यांच्या काळात येऊन गेलं!" असं मास्तरांनी जाहीर केलं आणि स्ट्रायकर सोडला. त्याच क्षणी समोरून कंपाउंडरनी "साफ खोटं!" म्हणत टेबलावर पंजा आपटला. कॅरमबोर्ड दचकला. स्ट्रायकरनं पांढऱ्या सोंगटीला वळसा घातला, कडेशी थांबून जरा विचार केला आणि मग अतिशय सावकाश, सगळ्यांना नीट बघता यावं अशा बेतानं तो कोपऱ्यातल्या भोकात पडला.

"फाउल," कंपाउंडर म्हणाले.

"फाउल? अहो, टेबल हलवलंत तुम्ही!"

"मी टेबल नाही हलवलं. मी मुद्दा मांडला."

"मुद्दा तोंडानं मांडायचा असतो. जन्मभर पोरांना तेच शिकवलं मी."

"म्हणूनच पोरांना काही येत नाही. भिंगवाले बघा. टेबलावर एकदा हात आपटला की देशातली सगळी ऑफिसं वेळेवर भरायची."

"घाबरून भरायची!"

"भरायची ना? मग झालं. फाउल आहे. एक सोंगटी बाहेर काढा."

"काढत नाही. डाव अजून माझा आहे."

ह्यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की मास्तर आणि कंपाउंडर हे एकमेकांचे जोडीदार होते. समोरासमोर बसून, एकाच बाजूनं, वर्षानुवर्षं खेळत आलेले. फाउलाचं नुकसान दोघांचं सारखंच होतं. पण राजकारणापायी स्वतःच्या जोडीदाराला दंड ठोठावणारा माणूस त्या दिवशी जगात पहिल्यांदा निपजला, आणि तो बघायला हजर होते फक्त दोन साक्षीदार. एक हॅलोकाका आणि दुसरं त्यांच्या समोरचं रिकामं स्टूल.

मग फार वेळ लागला नाही. मास्तर "हुकूमशहाचे चमचे" असं काहीतरी बोलले. कंपाउंडर "छत्रीखालचे भिजके" असं काहीतरी बोलले. मास्तरांनी भोकात हात घालून आपला स्ट्रायकर काढला, रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. तो त्यांचा स्वतःचा होता, जाड, पिवळट पडलेला, आणि तो दुसऱ्याला देताना ते चष्मा उसना देतोय असा चेहरा करत. कंपाउंडरनी बोरिक पावडरचा डबा उचलला. तो त्यांचा. दवाखान्यातून निवृत्त झाले तरी डबा भरलेला राहील अशी सोय त्यांनी कुठून केली होती, हे कोणी विचारत नसे. दोघं हॅलोकाकांच्या दुकानाच्या एकाच दारातून एकाच वेळी बाहेर पडायला गेले, अडकले, "आधी तुम्ही" म्हणायची सवय दोघांनी मोठ्या कष्टानं आवरली, आणि एक डावीकडे, एक उजवीकडे निघून गेला.

हॅलोकाका बोर्डाकडे बघत बसले. बोर्ड त्यांचा होता. पण पावडर आणि स्ट्रायकर नसलेला बोर्ड म्हणजे नुसती चौकट मारलेली फळी.

*

हॅलोकाकांना गावात सगळे हॅलोकाकाच म्हणत. त्यांच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. त्यांचा धंदा सभांना माईक आणि कर्णे पुरवण्याचा. आता तो सून बघते, पण गावात जेवढ्या म्हणून सभा झाल्या त्या सगळ्यांची सुरुवात काकांच्या तोंडून झालेली होती. स्टेज बांधून झालं, सतरंज्या पडल्या, लोक जमले की काका पायऱ्या चढून माईकपाशी जायचे, त्यावर दोनदा टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. हॅलो." मग खाली उतरायचे. पुढचं पुढाऱ्यांनी बोलायचं.

छत्रीवाले सत्तेवर आले तेव्हा काका पोरसवदा होते. छत्रीवाले कडक उन्हातही छत्री मिटत नसत, त्यामुळे त्यांचा चेहरा गावानं कधी नीट पाहिला नाही, पण प्रेम अपार. त्यांच्यामागून भिंगवाले आले. त्यांच्या चष्म्याच्या काचा एवढ्या जाड की पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला ते आपल्याकडेच बघताहेत असं वाटायचं आणि रांगच्या रांग ताठ बसायची. त्यानंतर तिघांचं सरकार आलं. त्या सभेला माईक एक आणि नेते तीन. काकांनी तिघांसमोर तीन माईक ठेवले, तेव्हा कुठे सभा झाली, आणि तिघं एकदमच बोलले. नंतरही बरेच येऊन गेले. प्रत्येकाच्या आधी काका स्टेजवर जाऊन "हॅलो" म्हणून आले होते. त्यापुढे एकही वाक्य ते माईकवर कधी बोलले नव्हते.

"तुम्ही तर सगळ्यांना ऐकलंय," लोक म्हणत. "सांगा ना काका, चांगला कोण होता?"

"छत्रीवाले माईकपासून लांब उभे राहायचे," काका म्हणत. "भिंगवाले फार जवळ."

"तसं नाही हो. म्हणजे विचार, धोरण…"

"आवाज लावायचा असतो हो. बोलण्याकडे लक्ष दिलं तर कर्णा शिट्टी मारतो."

हे खरंच होतं. सभेत काकांचा एक हात बटणावर आणि डोळे कर्ण्यांकडे. उजवीकडच्या कर्ण्याखाली मात्र दर सभेला एक म्हातारा बसलेला असायचा. छत्रीवाल्यांच्या पहिल्या सभेतही होता. काकांना जवळ बोलावून म्हणाला होता, "ही कसली सभा? सभा आमच्या वेळेला व्हायच्या." भिंगवाल्यांच्या सभेला त्याच जागी दुसरा म्हातारा. तो म्हणाला, "छत्रीवाल्यांची सर नाही." तिघांच्या वेळेला तिसरा, त्याला भिंगवाल्यांची आठवण येऊन गहिवरून आलं होतं. काकांना ह्या म्हाताऱ्याची एवढी सवय झाली की कर्णा बांधताना ते त्याच्यापुरती जागा सोडत. मागच्या निवडणुकीत सुनेबरोबर नुसते बघायला म्हणून गेले, तर उजव्या कर्ण्याखाली कोणीच दिसेना. काका अस्वस्थ झाले. "अगं, इथे एक म्हातारा असतो, तो आला नाही वाटतं," ते सुनेला म्हणाले.

सून वायर गुंडाळत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "बाबा, तिथे तुम्हीच बसलाय."

*

कॅरमच्या चौथ्या बाजूला, म्हणजे काकांच्या समोर, टेलर बसत. शेजारचं शिलाईचं दुकान त्यांचं. काकांचे जोडीदार. आलेल्या-गेलेल्या सगळ्या पक्षांचे झेंडे त्यांनी शिवले होते आणि उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची एक जाड उशी करून स्टुलावर टाकली होती. सगळ्या राजवटींवर ते सारखेच बसायचे.

मास्तर आणि कंपाउंडर तेव्हाही भांडत. रोज. सुवर्णयुग रोज एकदा मास्तरांच्या कोपऱ्यातून निघून कंपाउंडरच्या कोपऱ्यात जायचं आणि परत यायचं. पण आवाज जरा वर गेला की टेलर मान न उचलता, सुईत दोरा ओवताना बोलावं तसं, एकच विचारायचे, "डाव कोणाचा?"

बस. एवढं विचारलं की दोघंही गप्प. कारण डाव कोणाचा हे दोघांनाही आठवत नसे आणि ते कबूल करायची लाज वाटे.

गेल्या वर्षी टेलर गेले. दुकान मुलानं विकलं. स्टूल आणि उशी काकांनी मागून घेतली. तेव्हापासून टेलरचा डाव आला की काका उठत, टेबलाला वळसा घालून त्या स्टुलावर बसत, त्यांच्या वाटणीचा डाव खेळत आणि पुन्हा आपल्या जागेवर येत. गुडघे दुखायचे, पण तीन जणांत चौघांचा खेळ चालू राहिला. टेलरचं खेळणं काकांना जमलं. त्यांचं विचारणं मात्र कोणाला जमलं नाही.

भांडणानंतर काकांनी बोर्डावर जुनी चादर टाकली. सोंगट्या होत्या तिथेच ठेवल्या. काकू दुकानात झाडू मारायला आल्या की दर वेळेला चादरीचं टोक धरत.

"अहो, हे आवरा की आता. किती दिवस मढं झाकल्यासारखं ठेवणार?"

"हात लावू नकोस. डाव अर्धा आहे."

"खेळणारे येत नाहीत आणि डाव अर्धा आहे म्हणे. मी खेळू का?"

"तुला येतं?"

"त्या दोघांना कुठे येतं? पण इतकी वर्षं खेळवलंतच ना?"

काका हसले नाहीत, तेव्हा काकूंनी टोक सोडलं आणि चादर उलट नीट सारखी केली. मग जाता जाता म्हणाल्या, "संध्याकाळी माझ्यामागे मागे घरभर फिरू नका तेवढं. काल मी डबा काढायला वाकले तर तुम्ही मागे उभे. घाबरले ना मी."

*

ह्या प्रकरणात ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष पडले नसते तर ते आपोआप मिटलं असतं. पण अध्यक्ष बँकेत मॅनेजर होते, आणि मिटू शकणारी गोष्ट समोर दिसली की ती बैठक घेऊन वाढवायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात जाहीर चर्चा: कोणाचा काळ चांगला? एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला कंपाउंडर. आणि पंच हॅलोकाका.

"मी?" काका म्हणाले. "मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच," अध्यक्ष म्हणाले. "ज्याला कळतं त्यानं आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही सगळ्यांचे स्टेज लावलेत, कोणाच्या स्टेजवर बसला नाहीत. तुमच्यासारखा निःपक्ष माणूस नाही."

"दोघांनाही चांगलं म्हटलं तर?"

"ते मी विचारलं. बरोबरी म्हणजे अपमान, असं दोघांनी स्वतंत्रपणे कळवलंय. एकाच शब्दात."

पुढच्या दोन दिवसांत वादी-प्रतिवादी काकांना खासगीत भेटून गेले. आधी मास्तर आले. पायरीवरच उभे राहिले.

"मी तुम्हाला काही सांगायला आलेलो नाही," मास्तर म्हणाले आणि बराच वेळ सांगत राहिले. शेवटी म्हणाले, "काका, स्पष्ट बोलतो. निकाल त्या भिंगाच्या बाजूनं लागला, तर ह्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढणार नाही."

"बरं."

मास्तर निघाले, थांबले, चादरीकडे बघून म्हणाले, "कोणी हात नाही ना लावला?"

"नाही."

"तो लावेल. लक्ष ठेवा."

संध्याकाळी कंपाउंडर रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आले. काकांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि हवा भरत भरत भिंगवाल्यांच्या काळातल्या शिस्तीबद्दल सांगायला सुरुवात केली. विषय रंगत गेला तसतसा पट्टा आवळत गेला.

"अहो, हात काळा पडला माझा."

"बघा, दाब वाढलाय. हल्लीचा काळच असा. भिंगवाल्यांच्या वेळेला रक्तदाब नव्हता कोणाला."

"मोजत नव्हते तेव्हा."

"गरजच नव्हती!" कंपाउंडरनी फस्सकन हवा सोडली. "काका, तुम्ही शहाणे आहात. पण त्या छत्रीला पहिला नंबर दिलात, तर आपले संबंध संपले. पट्टासुद्धा बांधायला येणार नाही मी." मग यंत्र पिशवीत भरताना आवाज खाली आणून म्हणाले, "झाकलेलं बरं केलंत. दमट हवेनं फळी फुगते. त्यानं तर नाही ना काही हलवलं?"

"नाही."

"हलवेल. नजर ठेवा."

म्हणजे छत्री म्हटलं तर कंपाउंडर जाणार, भिंग म्हटलं तर मास्तर जाणार, आणि दोन्ही म्हटलं तर दोघंही जाणार. काकांनी जेवताना काकूंना हे सगळं सांगितलं.

"मग न जाऊन बघा की," काकू म्हणाल्या.

"न गेलो तर हे असंच राहील. चादर घातलेलं."

काकूंनी त्यांच्या ताटात आणखी एक वाढण टाकलं. "जायचं असेल तर एक ऐका. रविवारी तुम्ही पंच आहात. साउंडवाले नाही. खुर्चीत बसायचं. शिट्टी वाजो, वायर जळो, उठायचं नाही. नाहीतर लोक हसतील."

*

रविवारी सभागृह भरलं. गावात दुसरं काही नव्हतं म्हणून भरलं, असं मागून काही लोक म्हणाले, पण ते आधीपासून जागा धरून बसले होते. काका स्टेजवर, मधल्या खुर्चीत. इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. स्टेजवर बसायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि तिथून सगळं उलटं दिसत होतं. लोक इकडे बघत होते. पहिल्या रांगेत काकू डोळे वटारून बसल्या होत्या. कोपऱ्यात सून मशीनशी.

मास्तर उभे राहिले. नेहमीसारखे माईकपासून लांब.

"छत्रीवाल्यांच्या काळात," मास्तर म्हणाले, "माणूस माणसाला ओळखायचा. दुधात पाणी नव्हतं. बसला कधी उशीर झाला नाही."

"तेव्हा बस होती कुठे?" मागून कोणीतरी ओरडलं.

"नव्हती! म्हणूनच उशीर होत नव्हता!"

टाळ्या पडल्या. कंपाउंडर तावातावानं उठले आणि माईक गिळतात की काय इतक्या जवळ गेले.

"भिंगवाल्यांच्या काळात एक माणूस तक्रार करताना दिसला असेल तर दाखवा!"

"करायची परवानगी नव्हती!" मास्तर बसल्या जागेवरून.

"तेच म्हणतोय मी! केवढी शांतता होती!"

ह्यालाही टाळ्या पडल्या, त्याच लोकांच्या. तेवढ्यात कर्ण्यानं लांबलचक शिट्टी मारली. काकांचा उजवा हात मांडीवरून आपोआप उठला आणि हवेतच बटण फिरवायला लागला. काकूंनी खालून खूण केली. हात परत मांडीवर आला. सुनेनं तिकडे काहीतरी केलं, शिट्टी थांबली. पण काकांचं लक्ष आता भाषणात नव्हतंच. डावीकडचा कर्णा घोगरा येत होता.

मग एक निवृत्त नर्सबाई उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं पडलं की तिघांचं सरकार सर्वांत चांगलं. "तिघं आपसात इतके भांडायचे, की आपल्याकडे बघायला कोणाला सवडच नव्हती. तेवढे दिवस मी सुखात काढले." ह्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. अध्यक्ष घाबरले आणि त्यांनी हा मुद्दा विषयाबाहेरचा ठरवला.

खरी ठिणगी पडली ती पुलावरून.

"नदीवरचा पूल कोणी दिला?" मास्तर गरजले. "छत्रीवाल्यांनी!"

"भिंगवाल्यांनी!" कंपाउंडर त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आता एका माईकवर दोघं. "उद्घाटनाला मी स्वतः होतो!"

"मीही होतो! छत्री होती!"

"भिंग होतं!"

"पंचांना विचारा!" सभागृह ओरडलं. "काकांना विचारा! माईक त्यांचाच होता!"

अध्यक्षांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "कुठलं उद्घाटन?"

"पुलाचं हो."

"हो, पण कुठलं? छत्रीवाल्यांनी दगड बसवला तेव्हा मी हॅलो म्हटलं होतं. भिंगवाल्यांनी दोन खांबांचं केलं, तेव्हाही म्हटलं. तिघांनी अर्ध्या पुलाचं केलं. फीत नदीच्या मधोमध बांधली होती. ती कापून पुढे जायला जागा नव्हती, म्हणून सगळे मागे फिरले."

"आणि पूर्ण पुलाचं?"

काकांनी आठवून पाहिलं. "ते राहिलंच की. लोक वापरायलाच लागले."

सभागृह हसून लोळलं. मास्तर आणि कंपाउंडर मात्र एकदमच, एका सुरात ओरडले, "ह्यांना काही आठवत नाही!" आणि आपण दोघं एकाच बाजूनं बोललो हे लक्षात येताच एकमेकांपासून पाऊलभर दूर सरकले.

"शांत व्हा, शांत व्हा," अध्यक्ष म्हणाले. "आता पंच निकाल देतील."

*

हशा एकदम थांबला. काका उठले. मास्तर पहिल्या रांगेत एका टोकाला जाऊन बसले, कंपाउंडर दुसऱ्या टोकाला. मधल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या, पण दोघांच्या मध्ये कोणी नाही असंच वाटत होतं.

काका माईकपाशी गेले. त्यांनी तो थोडा खाली घेतला. टिचकी मारली, दोनदा.

"हॅलो, हॅलो," काका म्हणाले. "माईक टेस्टिंग. हॅलो."

आणि वळून स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागले.

"अहो!" काकू खालून ओरडल्या. "तुम्हालाच बोलायचंय!"

पुन्हा हशा. काका परत फिरले. ओशाळून हसले. माईकसमोर उभे राहिले आणि ह्या खेपेला तिथून हलले नाहीत. त्यांनी रात्रभर घोकलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही जागेवर नव्हतं.

"डावा कर्णा जरा घोगरा येतोय," ते सुनेला म्हणाले. सुनेनं बटण फिरवलं. "आता ठीक. मागे येतोय आवाज?"

"येतोय!"

"तर… मी सगळ्यांच्या सभेला होतो. पण मी आवाज लावत होतो. कोण काय बोललं ते मला आठवत नाही. लोक म्हणतात आठवायला पाहिजे. नाही आठवत. त्यामुळे कोणाचा काळ चांगला, ते मला सांगता येणार नाही." अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. काकांनी त्यांना हातानं बसवलं. "थांबा. निकाल आहे. मला एकच निकाल पक्का ठाऊक आहे, तो देतो."

मास्तर पुढे वाकले. कंपाउंडरही पुढे वाकले. काकांना वरून दोघंही दिसत होते. एक ह्या हाताला, एक त्या हाताला. बोर्डाशी बसल्यावर दिसायचे तसे.

"टेबल हललं होतं. कंपाउंडरनी हलवलं. मी बघितलं."

"ऐका!" मास्तर म्हणाले.

"पण स्ट्रायकर गेला तो मास्तरांचा गेला. टेबल हललं, भूकंप झाला, सरकार पडलं, काही झालं तरी स्ट्रायकर आत गेला की फाउल. म्हणजे डाव मास्तरांचा नाही."

"ऐका!" कंपाउंडर म्हणाले.

"तुमचाही नाही, कंपाउंडर."

सभागृहात कोणाला काही कळत नव्हतं. मागच्या रांगेत कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं, हे कुठल्या सरकारबद्दल चाललंय. शेजारी म्हणाला, गप रे. पहिल्या रांगेत मात्र दोघं जण काकांच्या तोंडाकडे बघत होते आणि मनातल्या मनात बोर्डाभोवती मोजत होते. मास्तरांनंतर त्यांच्या उजव्या हाताला कोण.

"डाव टेलरचा होता," काका म्हणाले.

मास्तरांनी मान खाली घातली. कंपाउंडर कुठेतरी खिडकीकडे बघायला लागले. कर्णे नुसतेच हुं करत राहिले, माईक चालू असला आणि कोणी बोलत नसलं की करतात तसे. एरवी अशा वेळी काका बटण खाली आणत. आज त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"अजून त्यांचाच आहे," ते म्हणाले. "सोंगट्या होत्या तिथेच आहेत. मी त्यांच्या जागेवर बसून खेळेन. पण स्ट्रायकर मास्तरांच्या खिशात आहे."

मास्तरांचा हात नकळत खिशावर गेला. सगळ्यांनी पाहिलं. रुमालाचा फुगवटा शर्टाच्या खिशात स्पष्ट दिसत होता. म्हणजे सुवर्णयुगाची बाजू मांडायला येतानाही ते तो बरोबर घेऊनच आले होते.

अध्यक्ष घसा खाकरून उभे राहिले. "काका, सभेला अंतिम निकाल हवा आहे. इतिहास आपल्याकडे बघतोय. एक शेवटचं वाक्य."

"हो, हो," काका म्हणाले. ते माईकच्या थोडे जवळ गेले, फार नाही, जेवढं जायला पाहिजे तेवढंच.

"कंपाउंडर, उद्या येताना बोरिक पावडर तेवढी आणा. बोर्डावरची दमट झालीय."